जन्माने ख्रिस्ती आहोत, मग आनंद कुठे अडतो? आतल्या बदलाबद्दल बोलूया

पानवेल (वसई)

नमस्कार मंडळी. आगमनकाळ चालू आहे, आमच्याकडे घरोघरी गोठ्याची तयारी सुरू झालीये, पोरं पेंढा आणि बांबू गोळा करत फिरतायत, आणि येत्या रविवारी चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लागणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाताळाआधीच्या चार रविवारांना चार मेणबत्त्या लावतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. त्या दिवशी वाचनही बऱ्याचदा बायबलमधल्या संत पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं असतं, प्रभूमध्ये नेहमी आनंद करा, पुन्हा सांगतो आनंद करा. आणि हे पत्र त्याने लिहिलं कुठून तर तुरुंगातून. मला दरवर्षी ही गोष्ट आठवते आणि दरवर्षी मी आजूबाजूच्या बाकांवरचे चेहरे बघते.

आम्ही वसईकर ख्रिस्ती पोर्तुगीज काळापासूनचे. सण, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), रोझरी (जपमाळ), मिस्सा (चर्चमधली उपासना), सगळं अंगवळणी पडलेलं आहे आणि त्याचा मला अभिमानच आहे. पण पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली एक गोष्ट लिहिली होती की काही ख्रिस्ती लोकांचं आयुष्य म्हणजे नुसता उपवासकाळ (ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस), त्यात ईस्टर कधी येतच नाही. ते वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. सगळं करूनही आतून कोरडं का राहतं माणूस?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्या विद्वान बाई, सगळं समजून उमजून घेतलेला निर्णय. पण त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे बघा, रमाबाईंसारख्या बाईंना आठ वर्षं लागली तर आपण जे पाळण्यात असतानाच बाप्तिस्मा घेतलेले, आपल्याला तर हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही, कारण आपण धरूनच चालतो की मिळालंय. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं काम, दुष्काळातून आणलेल्या मुलींना दिलेला आसरा, हे मोठं काम उभं राहिलं ते या आतल्या बदलानंतर.

आता माझ्या आत्याचं सांगते, तिला विचारूनच लिहितेय. भुईगावला तिचं सासर. घरातल्या दोन भावांत वाडीच्या बांधावरून वाद, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, पंपाचं बिल कुणी भरायचं, बांधावरचा नारळ कुणाचा, सगळं तेच जे आपल्याकडे दर दोन घरांआड असतं. आत्या आणि तिची जाऊ एकाच चर्चमध्ये एकाच मिस्सेला जायच्या आणि शांती देताना, म्हणजे शेजारच्यांना शांतीचा नमस्कार करताना, आत्या हटकून डावीकडे वळायची, उजवीकडच्या बाकावर जाऊ असायची म्हणून. त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं चाललेलं. बरं आत्या श्रद्धेत कुठे कमी नव्हती हो, रोज संध्याकाळी रोझरी, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मिस्सा चुकवायची नाही.

मग एका उपवासकाळात फादरांनी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय घेतला. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आत्या म्हणते हे ऐकून ऐकून पाठ झालेलं, पण त्या दिवशी लक्षात आलं की तुझा राग असेल तर जा असं येशू म्हणतच नाहीये, समोरच्याच्या मनात काही असेल तरी तूच उठ म्हणतोय. चूक कुणाची हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पापडी तोडून झाली तशी टोपली डोक्यावर घेऊन ती सरळ जावेच्या पडवीत गेली आणि म्हणाली, मला पाणी दे गं. जाऊ बघतच राहिली. मग आत गेली, हंड्यातून तांब्या बुडवल्याचा आवाज बाहेर आला, आणि पाण्याबरोबर वाटीत गुळाचा खडा घेऊन आली. माफीबिफी काही नाही, जुनं काही उगाळलं नाही. आत्या पाणी प्यायली, दोन मुठी पापडी ओट्यावर ठेवली आणि घरी आली.

केस अजून चालू आहे बरं का. दोघींचे नवरे अजून तारखेला जातात, बांध होता तिथेच आहे. पण आत्या ती राहिली नाही. पहाटे गजरे ओवताना गुणगुणते, झोपेची गोळी सुटली, आणि रोझरी म्हणताना आधी जो घाईचा सूर असायचा तो गेला. मी तिच्याकडे बघून म्हणते की आनंद हा परिस्थिती सुधारल्याचं बक्षीस नाहीये, आत धरून ठेवलेलं काहीतरी सोडलं की देव तिथे येतो, आणि तो आला की आनंद येतोच. तुमचे अनुभव लिहा, मतभेद असले तरी लिहा.

तांडेल (पाचूबंदर)

ताई मस्त लिहिलंय, आत्यांना माझा नमस्कार सांगा. आम्ही डोलवाले, म्हणजे डोल जाळ्याने मासेमारी करणारे, जाळं लावलं की पाणी पालटेपर्यंत बसून राहायचं, बाकीचे खलाशी मोबाईल बघतात मी रोझरी म्हणतो. माझे बाबा पण तांडेलच होते, होडीचे प्रमुख, डोल रिकामी वर आली तरी टोपी काढून क्रूसाची खूण करायचे आणि आभार मानायचे, मला लहानपणी कळायचंच नाही की आभार कसले, डिझेल वाया गेलं बर्फ वाया गेला. आता कळतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात पेत्र नावाच्या कोळ्याने रात्रभर मेहनत करून काहीच मिळालं नाही आणि येशूने सांगितल्यावर पुन्हा जाळं टाकलं आणि जाळी फाटायला आली एवढी मासळी मिळाली, सगळे तेवढंच सांगतात, पण पुढे काय झालं ते बघा ना, एवढी मासळी मिळाली आणि ते सगळं किनाऱ्यावर सोडून येशूमागे निघाले. आयुष्यातली सगळ्यात मोठी मासळी टाकून कोणी जातं का? आम्हा कोळ्यांना विचारा ते किती कठीण आहे. म्हणजे त्यांना मासळीपेक्षा मोठं काहीतरी मिळालं होतं त्या होडीत.

खाजं_आणि_चाय (मालवण)

माका एक विचारूचा हा, राग मानू नकात. मी हिंदू, आमच्या घरात भजन, वारकरी वळण, आजी हरिपाठ म्हणायची. आत्याचो किस्सो वाचून डोळ्यात पाणी इला. पुढचं प्रमाण मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना सोपं. आमच्याकडे पण नामस्मरणाने मन शांत होतं, आनंद होतो, संतांनी तेच सांगितलंय. मग तुमच्याकडे यात वेगळं काय आहे, की एकच गोष्ट दोन नावांनी? भांडायला विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

पानवेल (वसई)

दादा राग कसला, उलट बरं वाटलं. सारखेपणा आहेच, आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखा माणूस ख्रिस्ती झाल्यावरही अभंगच लिहीत राहिला, तुकारामांचं बोट धरूनच येशूकडे आलो असं मानत राहिला, यातच खूप काही आलं. वेगळं काय ते मी मला कळतं तसं सांगते. आमच्याकडे सुरुवात आपल्या साधनेपासून नाही होत, देवाकडून होते. जक्कयाची गोष्ट वाचा, लूक १९. जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढून येशूला बघतोय. येशू खाली थांबून त्याला नावाने हाक मारतो, म्हणतो लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. जक्कयाने तोवर काहीच चांगलं केलेलं नाही, पश्चात्ताप नाही, दान नाही. तो आनंदाने त्याचं स्वागत करतो, आणि त्यानंतर म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला फसवलं असेल तर चौपट परत करतो. आधी स्वीकार, त्यातून आनंद, आणि आनंदातून बदल, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि त्याच्या शेजारी मार्क १० मधला श्रीमंत तरुण ठेवा. तो तर सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळणारा, सज्जन. येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं असंही लिहिलंय. पण सगळं विकून माझ्यामागे ये म्हटल्यावर तो खिन्न होऊन निघून गेला. दोघेही पैसेवाले, दोघांनाही येशू भेटला, एक आनंदाने घरी घेऊन गेला आणि दुसरा उदास होऊन परत फिरला. सज्जन होता तो उदास झाला! याच्यावर मी कितीतरी वेळा विचार करत बसते.

हर्णै_बंदर (दापोली)

टिळकांचं नाव निघालं म्हणून राहवत नाही, ते आमच्या दापोली तालुक्यातले, करजगावचे, जन्म १८६१. आम्ही प्रोटेस्टंट, घरात उपासना संगीत वर्षानुवर्षं गायलं जातं त्यामुळे टिळक म्हणजे घरातलाच माणूस. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. पण आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने हातात नवा करार दिला तिथपासून ते बाप्तिस्म्यापर्यंत त्यांची आतली घालमेल चाललेली होती, येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून हलून गेले होते. एका रात्रीत काही झालं नाही.

पण मला जास्त लक्ष्मीबाईंबद्दल लिहायचंय. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या काळात केवढं आभाळ कोसळलं असेल, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. सोवळंओवळं हाडात मुरलेलं. आणि मग कुणी वाद घालून नाही, कुणी शिकवून नाही, त्यांचं त्यांनाच आतून उमगलं की हा जातीभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलाय, आणि त्यानंतर कुणाच्याही हातचं अन्नपाणी घ्यायला त्या तयार झाल्या. पुढे १९०० मध्ये बाप्तिस्मा. पानवेलताई तुमच्या आत्याने पाणी मागितलं ते वाचताना मला हेच आठवलं. श्रद्धा खरी आहे की नाही हे कोकणात तरी पाण्यावरच कळतं, कुणाच्या घरचं पाणी चालतं आणि कुणाच्या घरचं चालत नाही.

सरळमार्गी (रत्नागिरी)

विषय चांगला असला तरी हे सगळं धर्मांतराच्या दिशेने जातंय असं वाटतंय. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई, तिघेही धर्म बदललेले. सगळे धर्म सारखे म्हणायचं आणि उदाहरणं अशी द्यायची.

पानवेल (वसई)

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलंत. मी इथे कुणालाही धर्म बदला असं सांगत नाहीये आणि सांगणारही नाही, कुणाला आमिष दाखवून किंवा घाबरवून ख्रिस्ती करणं हे मला येशूच्याच विरुद्ध वाटतं. पूर्ण धागा जन्माने ख्रिस्ती असलेल्यांसाठी आहे, बदल आमच्याच घरात हवाय. रमाबाईंचं उदाहरण तर नेमकं यासाठीच दिलं की धर्म बदलूनही काम झालं नव्हतं, असं त्या स्वतः म्हणतात. ही माणसं मराठीतली आहेत, आपली आहेत, आणि त्यांनी आतल्या गोष्टी लिहून ठेवल्यात म्हणून ती आठवतात.

सरळमार्गी (रत्नागिरी)

ठीक आहे, पटलं. वाचतोय.

ओहोटी

आयडीवरून ओळखू नका प्लीज. मी सिंधुदुर्गातली आहे, कॅथलिक. गेलं बाळंतपण झाल्यापासून मला काहीच वाटत नाही, आनंद तर सोडाच, बाळाला घेतलं तरी काही वाटत नाही. सासूबाई चांगल्या आहेत पण म्हणतात प्रार्थना वाढव, विश्वास कमी पडतोय. प्रार्थनासभेला नेलं, सगळे टाळ्या वाजवत होते, स्तुती करत होते, रडत होते, आणि मी दगडासारखी बसलेली. हा धागा वाचून अजून वाईट वाटलं की मी काय धरून ठेवलंय जे सोडत नाहीये? कुणावर राग पण नाही माझा.

रात्रपाळी (पनवेल)

ओहोटी, बाळा, मी नर्स आहे, खूप वर्षं प्रसूती वॉर्डला काढली आहेत आणि ख्रिस्ती आहे, म्हणून तुला दोन्ही बाजूंनी सांगते. तू वर्णन केलंयस तसं बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतं, हा आजार आहे, विश्वासाची परीक्षा नाही, आणि यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे. दूध पाजत असलीस तरी चालणारी औषधं असतात, डॉक्टर बघून देतात. तू काहीही धरून ठेवलेलं नाहीयेस. आधी तुझ्या प्रसूतीच्या डॉक्टरांना किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखव, आणि आजच बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार डोकावला तर क्षणभर थांबू नकोस, नवऱ्याला उठव आणि सरळ हॉस्पिटलला जा.

सासूबाईंना हे दाखव. त्यांना सांग की एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मला मरण दे म्हणाला तेव्हा देवाने त्याला विश्वास वाढव असं सुनावलं नाही. दूत पाठवला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. बायबलमध्ये पहिला राजे, अध्याय १९. प्रार्थना त्यांनी तुझ्यासाठी करावी आणि तू सध्या झोप आणि उपचार घ्यावेस. मला मेसेज कर, लाजू नकोस.

पानवेल (वसई)

ओहोटी, रात्रपाळीताईंनी लिहिलंय त्याला माझा पूर्ण दुजोरा. आणि पोप फ्रान्सिस यांनी ज्या लिखाणात ते उपवासकाळाचं म्हटलं होतं, तिथेच लगेच पुढे हेही म्हटलंय की आनंद आयुष्याच्या प्रत्येक वळणावर एकसारखा दिसत नाही, फार कठीण काळात तर नाहीच, आणि दुःखात बुडालेल्यांची वेदना समजते. मी वर अर्धंच लिहिलं होतं, हे अर्धं तुझ्यासाठी. तुझ्या नावाने आज रोझरीत एक दशक, म्हणजे दहा प्रार्थना.

खडीसाखर (सावंतवाडी)

प्रार्थनासभांचं निघालं म्हणून लिहितो. मी त्यांच्या विरोधात नाही, माझ्या घरातल्यांना तिथून खूप आधार मिळालाय. पण गिटार, ड्रम, हात वर, दोन दिवस माणूस हवेत असतो आणि मंगळवारी पुन्हा बायकोवर खेकसतो, हे पण मी बघितलंय. भावना उसळणं आणि आनंद यात फरक कसा करायचा?

याचं सगळ्यात कामाचं उत्तर मला येशूसंघ (जेझुइट) स्थापन करणाऱ्या संत इग्नाशियस लोयोलाकडे मिळालं. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी महिनोन्महिने पडून, शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या तर घरात नेमक्या नव्हत्या, ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा एवढंच होतं. तो दिवास्वप्नं बघायचा, कधी लढाया आणि एका उच्चकुलीन बाईंना जिंकण्याची, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही वेळा मजाच यायची. पण त्याच्या लक्षात आलं की पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडतं, आणि दुसऱ्या स्वप्नानंतर विचार थांबला तरी आनंद मागे राहतो. पुढे त्याने जे सगळं शिकवलं ते या एका निरीक्षणातून उभं राहिलं. तेव्हा सभा चालू असताना काय वाटलं ते सोडा, मंगळवारी काय उरलं ते बघा.

त्याची अजून एक सूचना मी भिंतीवर लावावी इतकी मानतो. मन कोरडं, उदास असेल त्या काळात आधी चांगल्या मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही. प्रार्थना सोडावी, माणसं तोडावी, सगळं खोटं आहे असं वाटतं ना, तेव्हा फक्त थांबायचं. आणि रोज रात्री दिवसाचा आढावा, त्यात पापांची यादी पहिली नाही, पहिलं काम आभार मानायचं, आज देव कुठे भेटला ते बघायचं, मग आपण कुठे पाठ फिरवली ते. तांडेलदादांचे बाबा टोपी काढायचे ते वाचून वाटलं की त्यांना हे न शिकताच येत होतं.

तांडेल (पाचूबंदर)

वाचून बरं वाटलं. बाबा चौथी शिकलेले होते फक्त.

सोनचाफा (गास)

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया कसा राहिला सगळ्यांच्या यादीतून! जन्म साधारण १५५७, इथलाच. जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर काम केलं, पण त्यांच्या संघात काही घेतलं गेलं नाही. मग व्यापारात उतरला, तिथे चांगला जम बसला. इथेच गोष्ट संपली असती, पैसा होता, नाव होतं. पण तो सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला, फादर नाही, आणि जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषा होऊन परत तिकडेच गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर मारलं त्यात तो होता. त्यातले काही जण गात होते असं तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. १८६२ ला संतपद मिळालं.

मला यात मरणापेक्षा ते मधलं वळण जास्त बोलतं. नाकारला गेला, मग यशस्वी झाला, आणि यशही पुरेसं वाटलं नाही. आमची मुलं दुबईला, कॅनडाला जातात, पैसा होतो, फोनवर आवाज पडलेला असतो. त्यांना गोन्सालोचं मरण सांगून उपयोग नाही, हा मधला भाग सांगायला हवा.

पानवेल (वसई)

सोनचाफाताई, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात असंच सांगणार आहे मी नववी-दहावीच्या मुलांना. दरवेळी तारखा पाठ करून घेतो आणि तो व्यापारी होता हे एका ओळीत संपवतो.

खाजं_आणि_चाय (मालवण)

मी काल रात्री लूक १९ आणि मार्क १० दोन्ही वाचले, बायकोला पण वाचून दाखवले. ती म्हणाली जक्कय खाली उतरला तेव्हा लोक कुरकुरत होते ना, हा पाप्याच्या घरी उतरला म्हणून, मग ज्यांचे पैसे त्याने खाल्ले होते त्यांना चौपट मिळाल्यावर ते येशूबद्दल काय म्हणाले असतील? मला उत्तर नाही सुचलं. आता पुढे काय वाचू ते सांगा, लूक सुरुवातीपासून घेऊ का?

हर्णै_बंदर (दापोली)

सुरुवातीपासूनच घ्या. पण वहिनींच्या प्रश्नासाठी आधी पंधरावा अध्याय वाचा, उधळ्या पुत्राचा. धाकटा परत आला, घरात वाजंत्री आणि नाच, आणि थोरला भाऊ बाहेर अंगणात रुसून उभा, तो आत गेला की नाही ते सांगितलेलंच नाही. दोघांनी मिळून वाचा आणि वहिनींचं मत इथे लिहा.